पुलात न मावणारी गाडी

एका जंगलात सोनबा नावाचं अस्वल राहत होतं. कोणत्या जंगलात, ते विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर मुकाट्यानं मांडी घालून बसा, आणि त्या कोपऱ्यातल्यानं आधी नाक पुसा.

तर, सोनबाकडे एक पिकअप होती. पांढरी, मागं हौदा, आणि कंपनीतून आली तशीच कंपनीची चाकं. सोनबा तिच्यातून मधाचे डबे ओढ्यापलीकडच्या बाजाराला नेई. गाडी गुणाची होती. चढावर दम खात नसे, चिखलात रुसत नसे. सोनबाही तसाच होता, म्हणूनच त्याचं लग्न जमत नव्हतं.

बाजारात त्यानं गोदाला पाहिलं होतं. ओढ्यापलीकडच्या बळवंतअण्णा अस्वलांची ही थोरली लेक. जांभळं निवडता निवडता ती अर्धी खात होती, आणि जांभूळवाल्या साळिंदराकडे अशी बघत होती की त्याची तोंड उघडायची छाती झाली नाही. सोनबानं तिथंच ठरवलं, करीन तर हिच्याशीच. त्या दिवसापासून त्याला मध गोड लागेना. अस्वलाला मध गोड लागत नाही म्हणजे दुखणं कुठवर गेलं असेल, तुम्हीच बघा.

त्याच्या आईनं तरसमामांना मध्ये घातलं. तरसमामा जंगलातली लग्नं जमवायचे. दोन्ही घरी जेवायचे आणि दोन्ही घरांना नावं ठेवायचे.

मामांनी पिकअपभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"चाकं आत आहेत," ते म्हणाले.

"चाकं आतच असतात, मामा."

"गरिबांची असतात. बळवंतअण्णा आधी गाडी बघतात, मग मुलगा. चाकं कशी छाती काढून बाहेर हवीत. तुझी गाडी थंडीत काखेत हात घालून बसल्यासारखी दिसते."

आजवर सोनबाला गाडीत काही उणं दिसलं नव्हतं. पण एकदा कुणी म्हटलं की दिसायला लागतं. संध्याकाळपर्यंत त्याला चाकं नुसती आतच काय, पार गाडीच्या पोटात गेलेली दिसू लागली.

मग तो गेला वानराकडे. वानर जंगलातला मिस्त्री.

"नवी चाकं कशाला?" वानर म्हणाला. "चाकं हीच ठेवू, कंपनीचीच. मध्ये स्पेसर टाकू."

स्पेसर म्हणजे काय? आलाच प्रश्न. स्पेसर म्हणजे लोखंडाची जाड चकती. गाडी आणि चाक यांच्या मध्ये ती घट्ट बसवायची. चाक तेच राहतं, फक्त चार बोटं बाहेर येतं. त्यानं काय होतं? चाक चार बोटं बाहेर येतं. अजून काय व्हायला पाहिजे तुम्हाला?

वानरानं चारही चाकांना चकत्या घातल्या. नट आवळताना पान्यावर उभं राहून उड्या मारल्या. "आता हे बापजन्मात ढिले होणार नाहीत," तो म्हणाला. गाडी खरोखरच ऐसपैस दिसू लागली. सोनबा मागं जाऊन बघे, पुढं येऊन बघे, आणि उगाचच बोनेट पुसे.

"ही अशी फेंगडी का चालतेय रे?" आईनं विचारलं. "लचकली की काय?"

आईचं कुणी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐकता का?

मुलगी बघायला जायचा दिवस आला. आई पुढं बसली. मामा मागं हौद्यात उभे राहिले, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना बघायला हवं होतं. पण चाकं आता मडगार्डच्या बाहेर. रस्त्यातला चिखल उडे तो थेट वर, आणि वरून हौद्यात. ओढा येईपर्यंत मामांचा फेटा, मिशा आणि उपरणं एकाच रंगाचं झालं होतं.

ओढ्यावरचा पूल म्हणजे सागाचे दोन ओंडके, वरून तासून सपाट केलेले. जंगलात पहिली गाडी आली तेव्हा तिच्या चाकांच्या मापानं टाकलेले. डावी चाकं डाव्या ओंडक्यावर, उजवी उजव्या ओंडक्यावर. सोनबा रोज शीळ घालत पार व्हायचा. आज त्यानं पुढची चाकं टेकवली आणि खिडकीतून वाकून खाली बघितलं. चाकं निम्मी ओंडक्यांवर, निम्मी हवेत. गाडी डावीकडे घ्यावी तर डावं चाक ओढ्यात बघे, उजवीकडे घ्यावी तर उजवं.

त्यानं हळूच गाडी मागं घेतली.

"चकत्या काढून टाकू," तो म्हणाला.

तिघांनी मिळून पाना धरला आणि जोर लावला. नट जागचा हलला नाही. पाना मात्र वाकला.

"मग चालत जाऊ."

"पायी आलेलं स्थळ?" मामांच्या गालावरचा वाळका चिखल तडकला. "अण्णा दारातूनच परत लावतील. गोदाचं नाव विसर मग."

पलीकडे अण्णा ओसरीवर ताटकळत उभे होते. त्यांच्या मागं दारात गोदा. सोनबाला इथूनही दिसत होती, आणि ती त्याच्याचकडे बघत होती. हातातोंडाशी आलेला घास चार बोटांनी हुकला होता. सोनबाला रडू यायला लागलं. पण खोटं बोलायला त्याला जमत नसे, आणि या घाईत शिकायला वेळही नव्हता.

"अण्णा," तो ओरडून म्हणाला, "माझी गाडी पुलावरून येत नाही."

"का हो?"

"रुंद आहे. पुलात मावत नाही."

सोनबानं डोळे मिटून घेतले. आटोपला कारभार, त्याला वाटलं.

"अगं ए, बाहेर या सगळे," अण्णांचा आवाज आला. "पाहुण्यांची गाडी आपल्या पुलात मावत नाही."

सगळं घर ओंडक्यांवरून चालत अलीकडे आलं. पाठोपाठ शेजारपाजारही आला. पोह्यांच्या बशासुद्धा चालत आल्या. अण्णांनी एकेका चाकावरून हात फिरवला. त्यांचे डोळे पाणावले.

"आजवरची सगळी स्थळं या पुलावरून सरळ दारात आली," ते म्हणाले. "तेव्हाच मी ओळखलं होतं, साधी घराणी."

गोदा मात्र चाकांकडे बघत नव्हती.

"ही आधी पुलावरून जायची ना?" तिनं सोनबाला विचारलं. "मी बाजारात बघितलीय."

"जायची."

"मग आता काय सुधारलं?"

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात सोनबा म्हणाला, "काही नाही. तू हो म्हणावंस म्हणून केलं. आता चकत्याही निघत नाहीत आणि मला पोहेही जात नाहीत."

गोदाला हसू आलं. "मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "गाडी बावळट आहे."

अण्णांनी पहिलंच वाक्य ऐकलं आणि सुपारी फोडली.

लग्न थाटात झालं. वऱ्हाड चालत गेलं, चालत आलं. रुखवताची भांडी मामांनी डोक्यावर वाहिली. शालू गुडघ्यापर्यंत खोचून नवरी ओंडक्यांवरून पार झाली आणि गाडीच्या हौद्यात बसली. घरी पोचेपर्यंत तीही मामांच्या रंगाची झाली.

दुसऱ्या दिवसापासून सोनबा मधाचे डबे काठापर्यंत गाडीनं आणू लागला आणि तिथून डोक्यावर घेऊन पलीकडे नेऊ लागला. त्याचं पोट आत गेलं, मान आखडली. गोदानं थोडे दिवस बघितलं. मग बाजारातून चांगला भक्कम पाना आणला.

"काढ त्या चकत्या," ती म्हणाली.

सोनबानं पाना लावला. नट कुरकुरला. सुटणार, एवढ्यात पलीकडच्या काठावर अण्णा दिसले. सोबत नवे पाहुणे होते.

"ती बघा आमच्या जावयाची गाडी," अण्णा सांगत होते. "पुलात मावतच नाही."

सोनबानं पाना पाठीमागं लपवला.

"काय झालं?" गोदानं विचारलं.

"काढल्या तर लोक म्हणतील, जावई खाली आला."

गोदाला रागही आला आणि त्याची दयाही आली. मग तिनं एक डबा उचलून आपल्या डोक्यावर घेतला आणि पुढं चालू लागली. तोवर काठावर कोल्ह्याची जीप, रानडुकराचा टेम्पो आणि सशाची हातगाडी, आपापली चाकं चार बोटं बाहेर काढून ओळीनं उभी होती. मालक ओझी घेऊन ओंडक्यांवरून चालले होते, आणि वळून वळून आपापल्या गाडीकडे बघत होते.

तात्पर्य: पुलावरून गेलेली गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही; काठावर अडलेली बघायला सगळं गाव चालत येतं. म्हणून मुलांनो, गाडी मिरवायला घ्यावी. जायला पाय आहेतच.