खुर्चीमुक्त कार्यालय

"माणसाचा खरा शत्रू वाघ नव्हे, साप नव्हे, खुर्ची!" हेडक्लार्कसाहेबांनी सोमवारी सकाळी जाहीर केलं आणि लगेच बसले. दोन दिवस आरोग्यशिक्षणाच्या शिबिरात उभं राहून त्यांचे पाय सुजले होते.

महिनाभरात सर्वांत निरोगी ठरणाऱ्या कार्यालयाला ढाल मिळेल, असं शिबिरातल्या गुरुजींनी सांगितलं होतं. साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांत कार्यालयाकडून त्यांना लेखी मिळाली होती ती फक्त एक कारणे-दाखवा नोटीस, आणि ती काही घरी भिंतीवर लावता येत नाही. ढाल हवीच होती.

दुपारपर्यंत सगळ्या खुर्च्या जुन्या दप्तराच्या खोलीत गेल्या. साहेबांचीही, उशीसकट. लिफ्टला कुलूप लागलं.

"साहेब, मी टाइप कसं करू?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर कपाटावर ठेवा."

"मग मला स्टुलावर चढावं लागेल!"

"बघा, व्यायाम दुप्पट झाला."

येणारे लोक दारातून डोकावत, सगळ्यांना उभं बघून "ऑफिस सुटलं वाटतं" म्हणत आणि परत जात. आठवडाभरात गर्दी ओसरली. साहेबांनी वहीत नोंद केली: 'ताणतणाव कमी.'

मग कर्मचाऱ्यांना जुन्या फायलींची ओढ लागली. "एक जुनी फाईल बघून येते हं," म्हणून टायपिस्टबाई जात आणि दीड तासाने टवटवीत होऊन येत. शिपाईकाका तर सकाळी जात ते संध्याकाळीच उगवत.

"कसली फाईल शोधताय हो काका?"

"सापडली की कळेलच, साहेब."

साहेबांनी नोंद केली: 'कामाची गोडी वाढली.'

तपासणीच्या दिवशी गुरुजी चार जिने चढून धापा टाकत आले. साहेब एकटेच भिंतीला टेकून उभे होते.

"स्टाफ कुठाय?"

साहेब भिंत सोडून ताठ झाले. "चालायला गेलाय."

तेवढ्यात दप्तराच्या खोलीतून हशा उसळला. गुरुजी तिकडे वळले. साहेब दारात आडवे आले. "आत फार धूळ आहे, गुरुजी. तुमच्या फुप्फुसांना..."

गुरुजींनी दार ढकललं.

आत अख्खं कार्यालय गोल करून बसलं होतं. टायपिस्टबाई स्वेटर विणत होत्या. शिपाईकाका साहेबांच्या खुर्चीत, साहेबांच्याच उशीला टेकून ऐसपैस पसरले होते. सगळे ताडकन उठले. साहेबांना घरची भिंत दिसली. रिकामी.

"हे काय चाललंय?" गुरुजी कडाडले.

"व्यायाम," शिपाईकाका शांतपणे म्हणाले. "दिवसातून पन्नास वेळा उठून उभं राहतो आम्ही. आता मधे मधे बसलो नाही, तर उठणार कसं?"

गुरुजींनी एकेक चेहरा निरखून पाहिला.

"कंबर कुणाची दुखते?"

"आता नाही दुखत," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"झोप?"

"छान लागते. दोन्ही वेळा."

"वीस कार्यालयं पालथी घातली मी," गुरुजी म्हणाले. "सगळीकडे माझं शिक्षण पोचलंय. हसणारं माणूस मात्र आज पहिल्यांदा बघतोय." त्यांनी पिशवीतून ढाल काढून साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांचे डोळे भरून आले. टाळ्या झाल्या.

"गुरुजी, आरोग्यावर दोन शब्द!" साहेब म्हणाले.

गुरुजींनी घसा खाकरला, गुडघा चोळला, आणि शिपाईकाकांकडे वाकून हळूच म्हणाले, "ती उशी जरा इकडे देता का?"