कातरी बोथट करणाऱ्या गोळीची बखर

श्रीप्राणदेवता रक्षण करो. शके १९४२, शार्वरीनाम संवत्सरे, राज्यावर थोर अरिष्ट आलें, तें जैसें घडलें तैसें लिहितों, पदरचें घालीत नाहीं.

शत्रू डोळ्यांस न दिसे ऐसा, अंगभर कांट्यांचा मुकुट ल्यालेला, नांव करोना. कांटा हें त्याचें एक प्रथिन; त्या कांट्यानें तो देहाचें दार उघडी आणि आंत शिरे. मग राजवैद्य बहिरोपंत मालगांवकर यांणीं देहींच्या पहारेकऱ्यांस त्या कांट्याची ओळख पटविणारी लस सिद्ध केली आणि लक्षावधि जीव वांचले. परंतु शत्रू मोठा बिलंदर, त्याणें कांट्याचें वळणच बदलिलें आणि पहारे फसूं लागले. मग पंतांनीं शत्रूचा अंतर्भाग धुंडाळिला आणि दुसरें प्रथिन गांठिलें. शत्रूचें सैन्य एका लांब माळेंत जखडलेलें उपजे आणि हें प्रथिन कातरी होऊन माळ कापी, मग सैन्य मोकळें होई. कातरी बोथट जाहली कीं सारें जागींच अडके. दोन वर्षें खपोन पंतांनीं तैशी गोळी केली. मात्र ज्वर आल्यापासोन पांच दिवसांचे आंत घ्यावी, पुढें व्यर्थ.

आणि गोळी सिद्ध जाहली त्याच बुधवारीं पंतांचें कुटुंब लक्षुंबाई ज्वरानें पडल्या. राज्याचा रिवाज ऐसा कीं, नवें औषध आधीं सिंहासनापुढें नजर करावें आणि मग रयतेस द्यावें. आणि दरबार पुढले बुधवारीं. पंत डबी घेऊन उशाशीं बसले. बाई बोलिल्या, "अहो, डबींतलें तें माझ्याच दुखण्याचें ना?"

पंत बोलिले, "होय. पण नजर झाली नाहीं. मीच रिवाज मोडला तर उद्यां कोण पाळील?"

"बरं. काढीन मी तेवढे दिवस. तुम्ही आधी जेवून घ्या."

तिसरे दिवशीं पंतांनीं कारभाऱ्यांस विनविलें, तों ते म्हणाले, "एका घरासाठीं दरबार अलीकडे आणला तर बाकीचीं घरें काय म्हणतील?" आणि पंतांस तें पटलेंहि, हीच रड. मग सहावे दिवशीं बाईंस श्वास पुरेना, तेव्हां पंतांनीं रिवाज मोडिला आणि गोळी दिली. उशीर जाहला हें त्यांहून अधिक कोणास ठाऊक? सातवे दिवशीं बाई गेल्या.

बुधवारीं दरबार भरला. महाराजांनीं डबी मस्तकीं लाविली, पंतांस शालजोडी दिली आणि बोलिले, "पंत, मागाल तें देऊं."

पंत बोलिले, "महाराज, गेल्या बुधवारापासोनचे पांच दिवस द्यावे."

महाराजांनीं तेथेंच कारभाऱ्यांस नवा ठराव लिहावयास सांगितलें.

सारांश, तेव्हांपासोन औषध आधीं आजाऱ्यास आणि मागाहून सिंहासनास, ऐसा ठराव जाहला आणि त्या गोळीनें हजारों घरें राखिलीं. पंत मात्र शालजोडी घेऊन घरीं आले आणि ती कोणास दाखवावी हें न सुचून दारांतच उभे राहिले. इतकेंच वर्तमान.