अडचणीची प्रवेश परीक्षा

गंगापूर रोडवरच्या ज्ञानगोदा इंग्लिश मीडियम स्कूलमध्ये सहावीच्या वर्गात काही मुलं अशी होती, ज्यांना बुद्धी होती पण वाचता येत नव्हतं. शाळेच्या दृष्टीने ही परिस्थिती नियमबाह्य होती. बुद्धी असेल तर वाचता आलं पाहिजे आणि वाचता येत नसेल तर बुद्धी नसली पाहिजे, असं शाळेचं सुटसुटीत धोरण होतं. त्यामुळे अशा मुलांना ‘लक्ष देत नाही’ या सदराखाली वर्गाबाहेर उभं करण्यात येत असे.

इंग्रजीच्या उत्तरा क्षेमकल्याणी मॅडमना हे काही पटेना. त्यांनी या मुलांना मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसवायला सुरुवात केली. खोलीत फाटके नकाशे आणि हाडांचा एक सापळा होता. तिथे मॅडम इंग्रजी कानाने शिकवायच्या. त्यांनी गोष्ट वाचायची, मुलांनी तिच्यावर भांडायचं आणि उत्तर लिहायचं नाही, फोनमध्ये बोलायचं. एकलहऱ्याहून येणाऱ्या वेदिकाला छापील इंग्रजीची एक ओळ वाचायची म्हणजे घाम फुटायचा. त्याच वेदिकाने तोंडी इंग्रजीत गोष्ट रचली. वीज केंद्राच्या धुराड्याला रोजच्या धुराचा कंटाळा येतो, ते साहेबाकडे रजेचा अर्ज करतं आणि साहेब विचारतो, तुझ्या जागी उभं कोण राहणार? मॅडमना इतकं हसू फुटलं की त्यांना सापळ्याचा आधार घ्यावा लागला.

मॅडमचं चुकलं ते इथेच. चांगलं काम करावं, पण व्यवस्थापनाला ऐकू जाईल अशा ठिकाणी करू नये, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही कळलेलं नव्हतं.

संस्थेचे संचालक शामसुंदर सर हसण्याचा आवाज बंद करायला म्हणून आत आले.

“काय चाललंय इथे?”

“इंग्रजी, सर.”

“मग ही हसतायत कशाला?”

मॅडमनी समजावून सांगितलं. अशी मुलं असतात, सर. हुशारी आणि शिकण्यातली अडचण, दोन्ही एकाच डोक्यात असतात. सरांचे डोळे लकाकले. “म्हणजे टू इन वन! आणि हे नाशकात अजून कुणी सुरू केलेलं नाही?”

दिवाळीच्या आत शहरभर फ्लेक्स लागले. ‘द्विगुण विशेष प्रज्ञा विभाग. नाशिकमध्ये प्रथमच.’ फ्लेक्सवर शामसुंदर सर हनुवटीखाली मूठ धरून विचार करत होते. वेदिकाचा फोटो घेतला होता, पण तिच्या गणवेशाचा रंग उडालेला असल्याने तो संस्थेच्या प्रतिमेशी सुसंगत आढळला नाही. खोलीला एसी बसला आणि सापळ्याची बदली वरच्या मजल्यावर झाली.

मग पालक आले. ज्या पालकांनी कालपर्यंत ‘असली मुलं आमच्या मुलाशेजारी बसवू नका’ असं लेखी दिलं होतं, तेच आज रांगेत पुढे होते. त्यांत शौनकची आई निकिता होती. शौनक वर्गात पहिला यायचा आणि पाटीपासून फरसाणाच्या पुडीपर्यंत दिसेल ते घडाघडा वाचायचा.

“मॅडम, शौनकलाही काहीतरी असेलच ना? जरा नीट बघा.”

“काही नाही हो. छान वाचतो तो.”

निकिताचा चेहरा पडला. “असं एकदम नाही म्हणू नका. घरी तो चपला उलट्या घालतो कधीकधी. शेजारच्या आभाला निघालं आणि आमच्याला काहीच नाही? आम्ही कुठे कमी पडलो?”

मॅडमनी शौनक निरोगी असल्याची ग्वाही दिली, तेव्हा तिने संचालकांकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार केली.

तक्रारी वाढल्या, तशी सरांनी प्रवेशात पारदर्शकता आणण्यासाठी समिती नेमली. समितीने सखोल विचारांती ठरवलं की विभागात प्रवेश परीक्षेनेच द्यावा. परीक्षा लेखी असावी, कारण तोंडी परीक्षेत पक्षपाताला वाव राहतो. माध्यम अर्थातच इंग्रजी. शेवटचा प्रश्न अनिवार्य: ‘माझी अडचण आणि मी’ या विषयावर निबंध लिहा. अक्षर सुवाच्य असावे.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “ज्यांना वाचता-लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वर्ग आहे. त्यात शिरायला त्यांनी निबंध लिहायचा?”

“मग आम्हाला कळणार कसं, त्यांना लिहिता येत नाही ते? कागदावर काहीतरी यायला नको का?”

“वेदिकाला निदान पेपर वाचून दाखवायला माणूस द्या.”

“देऊ की. नियमात तरतूद आहे. ज्यांची अडचण सिद्ध झाली आहे, त्यांना वाचक मिळेल.”

“आणि सिद्ध कशाने होणार?”

“या परीक्षेने,” सर म्हणाले आणि आपण काही गैर बोललो आहोत असा संशयही त्यांच्या चेहऱ्यावर उमटला नाही.

परीक्षा म्हटल्यावर कॉलेज रोडला क्लास निघाला नाही तर ते नाशिक कसलं! रवी सरांनी ‘अडचण फाउंडेशन बॅच’ काढली. तिथे शौनकसारख्या मुलांना धडधाकट वाचनाची वाईट सवय मोडायला शिकवत. ओळीच्या मध्यावर अडखळावं, पण ओळ सोडू नये. अधूनमधून खिडकीबाहेर पाहावं आणि परत येताना कृष्णविवरांबद्दल एखादा प्रश्न घेऊन यावं. निबंधाचे मुद्दे तयार मिळत. सुरुवातीला अश्रू, मध्ये आईचे आभार आणि शेवटी चांदण्या. शौनक पाठांतराला पक्का होता. त्याला अडचण आठवडाभरात पाठ झाली.

परीक्षेच्या दिवशी वेदिका शेवटच्या बाकावर होती. मॅडम पर्यवेक्षक होत्या आणि वाचून दाखवायला त्यांना मनाई होती. पेपर तिच्या हातात आला आणि तिने तो अशा नजरेने पाहिला की मॅडमना स्वतःची लाज वाटली. सहावीतल्या पोरीसमोर आपण हातात घड्याळ धरून उभे आहोत आणि गप्प आहोत, यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असं त्यांना वाटलं. पण घराचा हप्ता होता, मुलगी बारावीला होती आणि नियम तर नियम होता. त्यांनी उरलेली वेळ सांगितली. वेदिकाने नावाच्या जागी नाव लिहिलं, तेही खोडून पुन्हा लिहिलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

निकाल लागला. अडचणीत पहिला शौनक. संस्थेच्या दारात त्याचा फोटो लागला, खाली रवी सरांच्या क्लासचं नाव. वेदिका नापास. शेरा होता: ‘उमेदवाराची अडचण समाधानकारक नाही.’

मॅडम तडक केबिनमध्ये गेल्या. “सर, हा विभाग जिच्यामुळे सुरू झाला, तीच बाहेर? चोर सोडून संन्याशाला सुळी झाली ही!”

“भावनेच्या आहारी जाऊ नका. तिने पेपर कोरा दिलाय. कोऱ्या पेपरचा अर्थ एकच, मुलीने अभ्यास केलेला नाही.”

“मी तिला पूर्वीसारखी सुट्टीनंतर वेगळी बसवते.”

“ते आता अनधिकृत होईल. विभाग असताना विभागाबाहेर कुणाला अडचण असूच शकत नाही.”

दुसऱ्या दिवशी वेदिकाचे वडील वाल्मीक आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करायचे. मॅडमना वाटलं हा माणूस आता ओरडेल आणि मनातून त्यांना ते हवंही होतं. वाल्मीक दारातच चप्पल काढून उभे राहिले.

“मॅडम, तुमचा काय दोष नाय. पोरगीच कच्ची हाय. मी रवी सरांकडं टाकलं तिला. लय भारी शिकवत्यात म्हणं. दोन महिन्यात अडचण पक्की करून देतो म्हनले.”

“अहो, तिला ती आहेच! जन्मापासून आहे!”

“आसंल, मॅडम. पन घरातली असून काय उपेग? परीक्षेत आली पायजे ना.”



रवी सरांनी वेदिकाबद्दल प्रामाणिक मत दिलं. मुलगी अडखळते, पण तिच्या अडखळण्याला शिस्त नाही. तिला शौनकची उत्तरपत्रिका आदर्श म्हणून घरी उतरवून आणायला दिली गेली. एका ओळीला तिचा तास जायचा. विभागात मात्र घडाघडा वाचणारी मुलं एसीत बसून अडखळण्याचा सराव करत होती. मॅडमना आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला आणि शाल घ्यायला त्या गेल्याही.

एकदा जिन्यात वेदिका भेटली. मॅडमनी विचारलं, “नवी गोष्ट केलीस का गं?”

ती मान खाली घालून म्हणाली, “नाही मॅडम. वेळच नसतो.” मग जरा थांबून तिने विचारलं, “मॅडम, मला नक्की अडचण आहे ना? की मी नुसतीच ढ आहे?”

त्यानंतर मॅडमना झोप लागेना. हल्ली त्या ही हकिगत भेटेल त्याला सांगतात. लग्नात, बँकेत, भाजी घेताना. ऐकणारे हळहळतात, व्यवस्थेला शिव्या घालतात, ‘बिचारी पोर’ म्हणतात. वेदिकाचं पुढे काय करायचं, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. मग आवाज खाली येतो आणि प्रत्येकजण तेच म्हणतो, “पण मॅडम, खरं सांगू? आमचा पण जरा तसाच आहे.”

तुम्हीही मघाशी, खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलांचं वाचलंत तेव्हा, आपल्या घरातला चेहरा डोळ्यांसमोर आणलात. संकोचू नका. विभागाच्या पुढच्या बॅचचे प्रवेश सोमवारपासून आहेत आणि वेदिकाची जागा रिकामीच आहे.