मारुतीसमोर गाऊनचा ठराव

धर्माचं रक्षण करायचं तर आधी कापडाकडे लक्ष द्यावं लागतं. माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. कापड मात्र लांबून दिसतं, आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसलं तर फारच चांगलं दिसतं.

हसनाबादजवळच्या एका वाडीत मारुती मंदिर समितीचं कामकाज याच पायऱ्यांवरून चाले. काकासाहेब अध्यक्ष. माणूस सरळ, मुंगीवर पाय पडला तरी हात जोडणारा. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ग्रामसेवकाची बायको गाऊन घालून हापशावर पाण्याला आली आणि काकासाहेबांच्या सरळ आयुष्यात पहिला गंभीर प्रश्न उभा राहिला.

समितीनं घाई केली नाही. आधी अभ्यास केला. भुजंग हा सर्वांत कळकळीचा सभासद. एरवी त्याची म्हैस पाण्याला महाग होती, पण अभ्यासाच्या काळात ती हापशावर इतक्यांदा धुतली गेली की आरशासारखी चमकू लागली.

मग बैठक बसली. उकाडा होता, म्हणून सभासद सदरे काढून, धोतरं मांडीपर्यंत घेऊन बसले. (पुरुषाची मांडी ही हवामानाची बाब आहे. तिचा धर्माशी संबंध नाही.)

त्रिंबक गुरवानं भाबडेपणानं विचारलं, "गळ्यापासून घोट्यापस्तोर समदं झाकलेलं हाय. मंग अडचण काय?"

काकासाहेबांनी शांतपणे समजावलं. लुगड्यात पाठ, पोट, पोटऱ्या जे काही उघडं राहतं ते पूर्वापार उघडं आहे, म्हणून दिसत नाही. गाऊनमध्ये जे झाकलं जातं ते नव्यानं झाकलेलं असतं, म्हणून दिसतं. शिवाय मारुतीराया ब्रह्मचारी. त्याचं चित्त विचलित होता कामा नये. (मारुतीरायाची तक्रार आलेली नव्हती. पण देव भिडस्त असतो, म्हणून तर समिती असते.)

गाऊन घातलेल्या बाईला देवळाची पायरी बंद, असा ठराव एकमतानं झाला.

काकासाहेबांची सून उषाबाई तेव्हा बाळंतपणाला शहागडला, माहेरी होती. बाळ आडवं आलं, जालन्याला हलवावं लागलं, शिजर झालं. नात झाली, दोघी वाचल्या. पुढे जीप अंगणात येऊन थांबली आणि सून हळूहळू खाली उतरली, तर अंगात गाऊन.

काकासाहेबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला विचारलं, "चाकात हवा बराबर हाय ना?"

त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली, "टाका पिकलाय तिचा. डॉक्टरीण म्हनली, परकराची नाडी बिलकुल बांधायची न्हाई."

काकासाहेब गोठ्यात निघून गेले. नाडी हा शब्द त्यांनी दिवसाउजेडी प्रथमच ऐकला होता.

सव्वा महिना झाला. लेकराला मारुतीच्या पायावर घालायचा दिवस आला. टाका मात्र अजून ओला होता. उषाबाई दाराआडून सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच घेऊन जा लेकराला. मी ऱ्हाते घरी." आवाज घट्ट होता, पण शेवटी फुटलाच. ओसरीवर बसलेल्या काकासाहेबांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"वैद्यकीय कारण हाय," ते म्हणाले.

"कंचं?" भुजंग.

"पोटाचं."

"मंग ओवा द्या की."

"तसं न्हाई. पोटाच्या... जरा खाली."

समितीच्या लेखी बाईला डोकं होतं (पदरासाठी), हात होते (भाकरीसाठी), पाय होते (जोडव्यांसाठी). मधल्या भागाला अद्याप मंजुरी नव्हती.

बाहेर लिंबाखाली नात घेऊन उभ्या असलेल्या सगुणाबाईचा धीर सुटला. ती पायऱ्या चढून वर आली.

"पोट फाडून काढलंय हे लेकरू. टाक्यातून अजून पाणी येऊन राह्यलं. त्याच्यावर नाडी आवळू का? अजून कुनाला काही समजून घ्यायचं असंल तर बोला, मी सांगते. तुमी समदे बी तिथूनच आलेत."

सभासदांनी फरशीचा कसून अभ्यास केला. मग भुजंगनं खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे केला. गाऊनवर टॉवेल घेतल्यास तो पोशाख लुगड्यात धरण्यात यावा, अशी दुरुस्ती मंजूर झाली.

उषाबाई टॉवेल डोक्यावर घेऊन आली. सासूनं दिलेलं लेकरू एका हातात, दुसरा हात पोटावर, अशी एकेक पायरी चढत होती. काकासाहेबांनी प्रथमच गाऊनकडे न बघता तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ दाताखाली धरलेले होते. ते उठले, तिच्या हातातून लेकरू घेतलं आणि म्हणाले, "दमानं ये बाई. देव कुठं जात न्हाई."

पुढच्या वर्षभरात वाडीतल्या यच्चयावत बायकांना वैद्यकीय कारण निर्माण झालं. सगुणाबाईलाही झालं, तिच्या शेवटच्या बाळंतपणाचं पोर तेव्हा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होतं. गाऊन आणि टॉवेल ही पूर्वजांची रीत ठरायला फार काळ लागला नाही. पुढे पंजाबी ड्रेस आला, तेव्हा समितीनं तो आपल्या गाऊनच्या संस्कृतीवरचा घाला म्हणून एकमतानं निषेधला.

आता एक शेवटची बाब. या हकिकतीत गाऊनचा रंग कुठंही सांगितलेला नाही. कापड जाड की पातळ, तेही नाही. तरी वाचकांच्या डोळ्यांपुढे तो रंगासकट उभा राहिला असेल, आणि कापडाचाही निकाल लागला असेल. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. पायऱ्यांवर दुपारपर्यंत सावली असते.