त्र्यंबकच्या कुटुंबाचा कोट

विश्वास ठेवणार नाही कोणी. न ठेवो! पण डोंबिवलीत भाड्याच्या खोलीतल्या सामानाचा विमा उतरवणारा पहिला शहाणा म्हणजे सडाफटिंग त्र्यंबक दातार. निदान तो स्वतः तसं छातीठोकपणे सांगायचा. खोलीतला सोबती हरिहर, त्याला तर त्यानं वेगळा विमा उतरवूच दिला नाही.

"अरे, खोली एक, छप्पर एक, मग विमे दोन कशाला? माझ्या विम्यात तू फुकट!"

हरिहर अंगानं ताडासारखा, स्वभावानं गायीसारखा. त्यानं मान डोलावली.

त्याचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, ठाण्याला. त्यासाठी त्यानं आयुष्यातला पहिलावहिला कोट शिवला होता. तो कचेरीत गेला आणि इकडे त्र्यंबकला मैत्रीचा उमाळा आला. मालकीणबाईंकडून कोळशाची इस्त्री आणली, कोटावर टेकवली आणि खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला विम्याचे फायदे सांगत बसला. तिसऱ्या फायद्याला धूर निघाला! कोटाच्या पाठीला इस्त्रीएवढं भगदाड!

त्र्यंबक बोंबलत कल्याणला, विमा कंपनीत. कंपनी नवी, दावा पहिलाच, त्यामुळे तपासनीस नवरीमुलगी पाहायला निघाल्यासारखे उत्साहानं त्याच्याबरोबरच आले. हरिहर परतायच्या आत भरपाई घेऊन सगळं मिटवायचं होतं. नाहीतर हा गरीब माणूस बोहल्यावर काय पाठीला केळीचं पान बांधून उभा राहणार?

"एक सांगतो," तपासनीस खाटेवर टेकत म्हणाले, "खोलीत सोबती असेल, तर त्याचं सामान या विम्यात येत नाही. ज्याचा त्यानं उतरवायचा."

त्र्यंबक घाईघाईनं म्हणाला, "कोट माझाच आहे, साहेब!"

साहेबांनी कोट त्याच्या अंगाला लावला. बाह्या गुडघ्यापर्यंत, लांबी घोट्यापर्यंत!

"वाढत्या अंगाचा शिवलाय," त्र्यंबक म्हणाला.

"वय काय आपलं?"

"तेहतीस."

साहेबांनी कोट खाटेवर ठेवला. त्र्यंबकनं पवित्रा बदलला. "म्हणजे... विम्यात कुटुंबाचं सामान येतं ना? कोट कुटुंबाचा आहे!"

"कुटुंब कोट घालतं?"

"थंडी सोसत नाही हो तिला!"

"बरीच उंच दिसते."

"अंगापिंडानं भरदार आहे."

साहेबांनी कोटाच्या खिशात हात घातला. तपकिरीची डबी निघाली.

"हीसुद्धा कुटुंबाचीच?"

"काय सांगू, साहेब! किती वेळा म्हटलं, सोड गं ते व्यसन!"

साहेबांचे डोळे पाणावले. तपकिरीनं की करुणेनं, देव जाणे. "सोसता हो तुम्ही फार! कुठे आहेत त्या?"

"माहेरी. खडवलीला."

तेवढ्यात दार ढकलून, चौकटीखालून वाकून हरिहर आत आला. लग्नाच्या खरेदीसाठी कचेरीतून लवकर सुटला होता.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"हे? हे मेहुणे!" त्र्यंबक ओरडलाच. "कुटुंबाचे सख्खे बंधू!"

"वाटलंच. उंची घराण्यातच आहे!" साहेब हरिहरकडे वळले. "हा जळलेला कोट आपल्या भगिनींचाच ना?"

हरिहरनं कोट पाहिला. भगदाडातून पलीकडची भिंत पाहिली. मग त्र्यंबककडे पाहिलं. त्र्यंबकचा चेहरा अंगठ्याखाली आलेल्या बटाटेवड्यासारखा झाला होता. हरिहरनं आयुष्यात कधी उगवत्या सूर्याला मावळता म्हटलं नव्हतं. पण तो म्हणाला,

"हो. ताईचाच."

त्यापेक्षा त्यानं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं, असं त्र्यंबकला झालं. धरणी दुभंगावी म्हणून त्यानं खाली पाहिलं. खाली शहाबादी फरशी. ती कसली दुभंगतेय!

"झालं तर मग!" साहेब समाधानानं उठले.

दारात मालकीण आवडाबाई उभ्या होत्या. साहेबांसाठी ताकाचा तांब्या घेऊन आल्या होत्या आणि शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. कमरेवर हात ठेवून त्या अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या,

"आगं बया! हरिभाव, तुमाला सख्खी ताई हाय? मंग लग्नात करवली व्हायाला बहीन नाय, बहीन नाय म्हनून माजे पोरीला, गोदाला कशाला नेताव?"