कुरडया, जाळी आणि लढाऊ विमान

"या देशात लढाऊ विमानावर कुरडया वाळत घालतात! कुरडया!"

कमलाकर पांढरीपांडे यांनी चपला काढायच्या आधीच यवतमाळातल्या आपल्या घरात हे जाहीर केलं. त्यांच्या पत्नी शोभाताई मेथी निवडत होत्या.

"गव्हाच्या का?" त्यांनी विचारलं.

कमलाकरराव खुर्चीत कोसळले. माणसं निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात, हे विमानदर्शनाला जात. सेवेतून बाद झालेली लढाऊ विमानं कुठल्या संग्रहालयात आहेत, कुठल्या चौकात आहेत, कुठल्या एअर शोला येणार आहेत, हे त्यांना नातेवाइकांच्या पत्त्यांपेक्षा पक्कं ठाऊक. आता पुण्याच्या एका प्रदर्शनाने त्यांचे 'नॅट' जातीच्या विमानांचे फोटो मागवले होते. अट एकच: मूळ रंग आणि शेपटीवरचा मूळ नंबर दिसला पाहिजे. बाकीची विमानं कुणी ना कुणी रंगवून टाकलेली. आजवर कुणाचाच ब्रश न लागलेलं एकच उरलं होतं, ते फुलसावंगीजवळच्या एका शाळेच्या मैदानात. तो फोटो मिळाला तर प्रदर्शन, नाही तर उभ्या आयुष्याच्या छंदाचं मुसळ केरात.

आणि आज सकाळी ते तिथे पोचले तेव्हा त्या विमानाच्या पंखांवर शाळेच्या चौकीदाराची बायको, बसंतीबाई, कुरडया घालत होती.

"बाई, हे काय चाललंय?"

"कुरडया होय जी. इमानाचा पत्रा भल्लाच तापते. दोन उन्हात कडक होते."

"अहो, हे लढाऊ विमान आहे!"

"आता कुठी लढून राह्यलं ते?"

उचला म्हटलं तर, "ओल्या हायेत, मोडतीन न," असं उत्तर आलं. जन्मभर कचेरीत काढलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच कमलाकररावांनी केलं. ते वरिष्ठांकडे गेले.

वरिष्ठ म्हणजे शाळेचे अध्यक्ष नानाजी. कापूस-तुरीचा मोठा शेतकरी, मनाने लोण्यासारखा. तक्रार ऐकताना त्यांनी स्वतःचेच कान पकडले.

"चुकलंच आमचं, सायेब. पुढच्या इतवारी या. इमानाले कोनी बोट लावलं तं मले म्हना."

पुढच्या रविवारी कमलाकरराव पहाटेच निघाले, या वेळी शोभाताईंना घेऊन. मैदानात कुरडया नव्हत्या. विमानही नव्हतं. त्याच्या जागी लोखंडी पिंजरा होता आणि पिंजऱ्यावर हिरवी जाळी ताणलेली.

"आत हाये न!" नानाजी अभिमानाने म्हणाले. "कोनी हात नाई लावत आता."

"पण ते दिसतच नाही!"

"दिसलं का लोकं हात लावतात, सायेब."

"हे आत्ताच्या आत्ता काढा!"

"वेल्डिंग केलं हाये जी. कापाले मानूस नाई आज."

इथे कमलाकररावांनी गप्प बसायला हवं होतं. पण संतापलेला माणूस आणि उताराला लागलेली बैलगाडी, दोन्ही आपणहून थांबत नाहीत. "थू तुमच्या व्यवस्थेवर!" ते कडाडले. "परदेशात जाऊन बघा! तिथे म्हातारी विमानं कशी लखलखीत ठेवतात! नव्यासारखी! आणि तुम्ही? आधी कुरडया, आता खुराडं!"

नानाजींनी मान खाली घातली. परतताना गाडीत शोभाताई म्हणाल्या, "तुम्ही जरा कमी बोलत जा हो."

"का? मी काय खोटं बोललो?"

"तसं नाही. ते नानाजी सगळं ऐकतात."

काही दिवसांनी नानाजींचा फोन आला. "सायेब, पिंजरा काढला. वहिनीले घिऊन या, अन् कॅमेरा इसरू नका."

दोघं पोचले तेव्हा मैदानात मांडव होता, सतरंज्या होत्या, सारं गाव लोटलं होतं. मधोमध 'नॅट' उभं होतं, लालभडक. ट्रॅक्टरचा लाल. नाकावर लिंबू-मिरची, पोटावर कमळं, मागे 'सुरक्षित अंतर ठेवा', आणि शेपटीवर जिथे हवाई दलाचा नंबर होता तिथे ठसठशीत अक्षरांत 'एमएच २९' आणि पुढे चार आकडे.

कमलाकरराव सतरंज्या तुडवत विमानापाशी गेले. मग एकदम भडकले.

"कुणी केलं हे? कोणत्या गाढवानं? देशातलं शेवटचं, अहो, शेवटचं अस्सल विमान होतं ते! आणि तो नंबर? तो नंबर कुठून आणलात?"

"जुना पुसट झालता," नानाजी समजुतीने म्हणाले. "आमचा बादल ट्रॉल्या रंगवते न, थो म्हने नंबराबिगर गाडी बरी नाई दिसत. मंग आमच्या ट्रॅक्टरचा टाकला. कोनी इचारलं तं कागद हायेत जी."

"मी तक्रार करीन! दिल्लीला कळवीन! तुमची शाळा, तुमचा बादल, सगळ्यांना..."

"तुम्हीच तं म्हनलं होतं, नव्यासारखं," नानाजी कळवळून म्हणाले. "म्हनून तं तुमचंच नाव टाकलं न, सायेब."

"माझं? कुठे?"

नानाजींनी बोट दाखवलं. कॉकपिटच्या अगदी खाली, जिथे वैमानिकाचं नाव लिहायची रीत असते, नेमकं तिथे, पिवळ्या अक्षरांत, सावलीसकट: 'श्री. कमलाकर पांढरीपांडे, यवतमाळ'. ते आडनाव एवढं लांब, की बादलने ते थेट पंखापर्यंत नेलं होतं.

कमलाकरराव बघत राहिले. आजवर त्या जागी त्यांनी किती जणांची नावं टिपली होती. स्क्वाड्रन लीडर अमुक, विंग कमांडर तमुक. तिथे वीज मंडळातून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कचं नाव कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी लेन्सवरचं झाकण काढलं. मग सावकाश कॅमेरा डोळ्याला लावला.

"नानाजी," ते म्हणाले, "त्या पोरांना जरा डावीकडे सरकवा. 'पांडे' झाकलं जातंय."

"अहो, आणि पुण्याचं प्रदर्शन? तो मूळ नंबर?" शोभाताईंनी हळूच विचारलं.

"असू दे गं," कमलाकरराव फोकस साधत म्हणाले. "कागद आहेत ना त्यांच्याकडे."