डावा बैल, उजवा बैल

लोणारच्या बसस्टँडमागं रफीकभाईंचा गेम स्टुडिओ आहे. आत पाऊल टाकलं की ते आधी हातात मोबाइल कोंबतात. "बोला गुरुजी, डावा बैल का उजवा?" घसा कोरडा पडला असला तरी आधी बैल निवडायचा, पाणी मग.

गेम साधा आहे. मोबाइल एक, गाडी एक, खेळणारे दोघं. प्रत्येकाचा एक बैल; डावा जरा उतावळा. पावलं जुळली नाहीत की गाडी नाल्यात.

तीस वर्षांपूर्वी रफीकभाई आणि उंद्रीचा त्यांचा दोस्त दिगू यांनी आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातच गेम कंपनी काढली होती. दोघांत एक जुना कॉम्प्युटर. लाइट गेली की वहीत लिहायचं, आली की टाइप करायचं. तयार गेम फ्लॉपीत घालून टपालानं मुंबईला पाठवला. उत्तर आलंच नाही. पुढं दिगूही वारला.

"आता काय गुरुजी, सॉफ्टवेअर फुकट, दुकान मोबाइलात. एकटा माणूस सगळं करून राह्यला," रफीकभाई म्हणतात.

पण आपला गेम ते आठवडी बाजारात तपासून घेतात. तिथं एक म्हातारा शेतकरी भडकलाच. "काऊन बे रफीक, डावा बैल उजवीकडं जुंपते का कोणी?" वळणावर चित्र उलटं होऊन बैलांच्या जागा बदलल्या होत्या. रफीकभाईंनी महिनाभर खपून प्रत्येक वळण नव्यानं काढलं. मला या माणसाचा भारी अभिमान आहे, लपवत नाही.

मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. गेम पसंत, पण खेळणारा एकच ठेवा; एका मोबाइलवर दोघं आता खेळतं कोण? मीही म्हटलं, घ्या ऐकून.

"नाई जमत," म्हणाले, आणि गेम स्वतःच बाजारात आणला.

गेम आला त्याच सकाळी मला एसटीत बसवून उंद्रीला नेलं. दिगूची बायको अंगणात तूर पाखडत होती.

"वहिनी, डावा तुमचा."

दोनदा गाडी नाल्यात गेली. तिसऱ्यांदा वहिनी हसायलाच लागल्या. "काय बाई हा बैल! दमच धरत नाई. थेट आमच्या ह्यायच्यासारखा."

रफीकभाईंनी चष्मा काढून पुसला.

"हाव वहिनी. त्याच्यावरूनच बनवला. मले अजून एकडाव त्याच्या जोडीले जुंपून घ्याचं होतं."